बागेला नावं ठेवताना

श्रोतेहो, चिनी आणि जपानी बागांवर बोलायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण आली ती चित्रांची. या बागांची चित्रं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आधीच टांगलेली आहेत. लाल कठड्याचा कमानदार पूल, तळ्यात रंगीत मासे, एखादा दगडी दिवा, बांबूचं बेट आणि भरपूर शांतता. कॅलेंडरवर तेच, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये तेच, मोबाइलच्या पडद्यावरही तेच. नागपुरात तर ‘जपानी गार्डन’ हा चक्क पत्ता आहे. सेमिनरी हिल्सकडे जाताना ऑटोवाल्याला ‘जपानी गार्डन चौक’ म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. तिकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मात्र ‘यात जपानी ते काय?’ असं विचारून पाहा. लोक हसतात. ‘नाव आहे जी तसं,’ म्हणतात.

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये असं आम्हांला वाटतं. कारण चिनी बागेची सुरुवातच नावापासून होते. म्हणून आज आपण झाडांबद्दल कमी आणि नावांबद्दल जास्त बोलणार आहोत. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. आज दोन्ही करायचा विचार आहे.

चीनमध्ये सुझोऊ नावाचं शहर आहे, कालव्यांचं. तिथे ‘छांगलांग’ नावाचा एक मंडप आहे आणि त्याच्याभोवती बाग. सू शुनछिन नावाच्या अधिकाऱ्याला सोंग राजवटीत नोकरीवरून काढून टाकलं. तो सुझोऊला आला, पाण्याच्या काठी जागा घेतली आणि इसवी सन १०४५ च्या सुमारास मंडप बांधला. नाव दिलं छांगलांग. आता हे नाव कुठलं? प्राचीन चिनी काव्यात एक कोळी आहे. राज्यातून हाकलला गेलेला एक दुःखी मंत्री त्याला नदीकाठी भेटतो, आणि कोळी त्याला गाण्यातून सांगतो की बाबा, पाणी स्वच्छ असेल तर टोपीचे बंद धू, गढूळ असेल तर पाय धू. म्हणजे काळ चांगला असेल तर दरबारात जा, वाईट असेल तर बाजूला हो. त्या गाण्यातल्या पाण्याचं नाव छांगलांग. बडतर्फ झालेल्या माणसानं आपल्या मंडपाला हे नाव देणं म्हणजे काय, ते त्या काळच्या कोणत्याही शिकलेल्या चिनी माणसाला पाटी वाचताक्षणी कळत होतं. तक्रारीचा अर्ज करायची गरज नव्हती. पाटी हाच अर्ज होता!

त्याच शहरात पुढे मिंग राजवटीत वांग शियानछंग या दुसऱ्या अधिकाऱ्यानं बाग केली. तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘अडाण्याच्या कारभाराची बाग’ असा होतो. हेही नाव जुन्या लेखातून उचललेलं आहे. तिथे लेखक म्हणतो की आपल्यासारख्या बिनहुशार माणसानं मळ्याला पाणी द्यावं, भाजी विकावी, आपल्याला झेपेल असा कारभार तेवढाच. वन चंगमिंग या चित्रकारानं १५३३ मध्ये या बागेच्या एकतीस जागांची चित्रं काढली, प्रत्येकीवर कविता लिहिली. वांगच्या मुलानं ही बाग एका रात्रीत जुगारात घालवली असं सांगतात. चित्रं आणि कविता मात्र राहिल्या. बाग आज दिसते ती कितीतरी वेळा बदललेली, तुकडे झालेली, पुन्हा जोडलेली आहे. तरी नाव तेच आहे, आणि नावामुळे ती ‘तीच’ बाग आहे. आपल्याकडे देवळाच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. जीर्णोद्धारात दगड नवे, पण देऊळ तेच.

अठराव्या शतकात त्साओ श्वेछिननं एक प्रचंड कादंबरी लिहिली. ‘लाल हवेलीचं स्वप्न’ असं तिचं नाव मराठीत करता येईल. त्यातला एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. नवी बाग बांधून झाली आहे. घरचा कर्ता पुरुष पाहायला निघतो आणि म्हणतो की नावांच्या पाट्या लागल्याशिवाय हे डोंगर, हे पाणी, ही फुलं जिवंत होणार नाहीत. मग तो आपल्या मुलाला बरोबर घेऊन जागोजागी नावं सुचवायला लावतो. मुलगा सुचवतो, बाप खेकसतो, बरोबरचे आश्रित ‘वाहवा’ करतात. बागेची सहल बघता बघता तोंडी परीक्षा होते. परीक्षा कसली? तर कोणती जागा पाहून कोणती जुनी ओळ आठवते याची.

इथे आम्हांला एक टीका करायची आहे, आणि ती बागांच्या भक्तांना आवडणार नाही. ही बाग ज्यानं वाचलेलं आहे त्याच्यासाठी होती. ज्यानं वाचलेलं नाही त्याला तिथे पाणी आणि दगड दिसत. माळी, गवंडी, तळ्यातला गाळ काढणारा मजूर, स्वयंपाकघरातल्या बाया, यांच्या हातांनी ती बाग उभी राहिली, पण तिचा अर्थ त्यांच्यासाठी बंद होता. अक्षराची मालकी मूठभरांकडे असली की काय होतं, हे नागपूरकरांना बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. म्हणून ‘सांस्कृतिक स्मृती’ असा भारी शब्द वापरताना आपण लगेच विचारलं पाहिजे: कुणाची स्मृती? पाटी कुणाला वाचता येत होती?

आता समुद्र ओलांडून जपानला जाऊ.

जपाननं चिनी अक्षरं घेतली, चिनी कविता घेतल्या, आणि बागेला नाव देण्याची रीतही घेतली. पण नुसती नक्कल केली असं म्हणता येणार नाही. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, यानागिसावा योशियासु या सरदारानं १७०२ मध्ये ‘रिकुगिएन’ ही बाग पूर्ण केली. बागेचं नाव चिनी काव्यशास्त्रातलं. आतल्या अठ्ठ्याऐंशी जागांना मात्र नावं आहेत ती मुख्यतः जपानी कवितांमधली. टेकाड म्हणजे अमुक कवितेतला डोंगर, पाण्याचा काठ म्हणजे तमुक कवितेतला समुद्रकिनारा. तो खरा किनारा शेकडो किलोमीटर दूर. सरदारानं तो आपल्या अंगणात बोलावून घेतला, तोही दगडमातीपेक्षा नावाच्या जोरावर. जपानी कवितेत शतकानुशतकं ठरलेली स्थळनामं असत. नाव उच्चारलं की ऋतू, भावना, आधीच्या कवींच्या ओळी, सगळं एकदम येई. आपल्याकडे ‘इंद्रायणी’ म्हटलं की नुसती नदी येत नाही, तुकोबा येतात, गाथा येते. तसंच.

‘झेन बागे’बद्दल दोन वाक्यं बोलून पुढे जाऊ, कारण तिच्याबद्दल सगळीकडे फार बोललं जातं. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातली पंधरा दगडांची बाग अप्रतिम आहे, पण ती कुणी केली, केव्हा केली, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ‘झेन बाग’ हा शब्दप्रयोग तर १९३५ च्या सुमारास एका अमेरिकन लेखिकेच्या इंग्रजी पुस्तकापासून रूढ झाला. त्या बागेला आपण आज जो अर्थ देतो त्यातला बराचसा विसाव्या शतकाचा आहे. यात वाईट काही नाही. मात्र त्या अर्थाला ‘प्राचीन’ म्हणू नये.

आपल्याला जास्त कामाची आहे ती ओकायामाची बाग. कोराकुएन. तिच्यावर थोडं रेंगाळू, कारण तिचा मराठीशी थेट संबंध आहे.

इकेदा त्सुनामासा हा ओकायामाचा सरदार. त्यानं १६८७ मध्ये काम सुरू करवलं आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. काम पाहिलं त्सुदा नागातादा या त्याच्या कारभाऱ्यानं. किल्ला एका बाजूला, मध्ये आसाही नदी, पलीकडे बाग. काळ्या रंगाचा किल्ला आणि लांबचा मिसाओ डोंगर हे दोन्ही बागेबाहेर आहेत, पण बागेत उभं राहिलं की ते बागेचेच वाटतात. बाहेरचं दृश्य असं ‘उसनं’ घेण्याची कला मुळात चिनी. जी छंग नावाच्या बागकारानं सतराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात ती सविस्तर सांगितली आहे. आमच्या मते हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सुसंस्कृत उपाय आहे. जे सुंदर आहे ते विकत घेऊ नका, पाडू नका, फक्त त्याच्या आड येऊ नका. आपल्या शहरातल्या कुठल्याही तलावाकाठी उभं राहून समोर काय उभं राहिलंय ते पाहा, म्हणजे उसनवारी कशी बुडते ते कळेल.

पण कोराकुएनची खरी गंमत आहे नावात. सुरुवातीला तिला साधं ‘मागची बाग’ अशा अर्थाचं नाव होतं. १८७१ मध्ये ती ‘कोराकुएन’ झाली. ‘कोराकु’ म्हणजे ‘नंतर आनंद’. अकराव्या शतकात फान चुंगयान या चिनी मुत्सद्द्यानं एका मनोऱ्याच्या वर्णनाच्या निमित्तानं राज्यकर्त्याचं कर्तव्य सांगितलं: लोकांच्या आधी त्यानं काळजी करावी, आणि लोकांच्या नंतर आनंद करावा. त्यातला ‘नंतर आनंद’ हा तुकडा उचलून बागेचं नाव झालं. गंमत अशी की याच नावाची एक बाग टोकियोत त्याआधी दोनशे वर्षं होती. मितोच्या तोकुगावा घराण्याची. तिचं नाव मिंग राजवट कोसळल्यावर जपानला आलेल्या चू शुनश्वेई या चिनी पंडिताच्या सल्ल्यानं ठेवलं होतं. एका चिनी लेखातल्या एका वाक्याच्या दोन बागा जपानमध्ये झाल्या!

आणि १८७१ हे साल पाहा. त्याच वर्षी जपानमधली सरदारांची संस्थानं खालसा झाली. म्हणजे ‘राजानं आनंद शेवटी करावा’ हे नाव बागेला मिळालं तेव्हा राजाच उरला नव्हता. १८८४ मध्ये बाग जिल्हा प्रशासनाकडे आली आणि सर्वांसाठी उघडली. त्याआधीही ठरावीक दिवशी सामान्य लोकांना आत येता येई, हे सांगितलं पाहिजे. पण दिवस ठरवणारा सरदार होता.

या बागेत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या कॅलेंडरवर येत नाहीत. एक म्हणजे भाताचं खाचर. हो, भाताचं खाचर, आपल्या भंडारा-गोंदियात असतं तसं! प्राचीन चीनमध्ये शेताचे नऊ चौकोन पाडून मधला चौकोन राजाच्या हिश्शाचा ठेवण्याची जी आदर्श करपद्धत सांगितली आहे, तिची आठवण म्हणून खाचराचा एक तुकडा बागेत राखला आहे. सारावसुलीची पद्धत बागेत कुणी स्मारक म्हणून ठेवील असं आपल्याला वाटत नाही. तिथे ठेवली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे क्रौंच. डोक्यावर लाल ठिपका असलेले पांढरेशुभ्र क्रौंच, आपल्या गोंदियाच्या सारसाचे भाऊबंद. बागेत ते पूर्वापार पाळले जात. १९३४ च्या पुरानं बागेचं मोठं नुकसान झालं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला आणि बागेतल्या इमारती जळाल्या, आणि युद्धानंतर क्रौंचही संपले. बाग पुन्हा बांधली ती जुन्या चित्रांच्या आणि नोंदींच्या आधारानं. क्रौंच कुठून आणणार? क्वो मोरुओ हा चिनी लेखक तरुणपणी ओकायामाच्या शाळेत शिकला होता. १९५५ मध्ये तो पुन्हा तिथे आला, आणि १९५६ मध्ये त्यानं चीनमधून दोन क्रौंच पाठवले. जपाननं चीनवर लादलेल्या युद्धाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. दोन्ही देशांत राजनैतिक संबंधही नव्हते. ते पक्षी म्हणजे काय होते ते आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

आता पुण्याला या. सिंहगड रस्त्यावर कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं, सुमारे दहा एकरांचं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही त्याचं नाव आहे. शेजारच्या कालव्याचं पाणी उताराउतारानं सगळ्या बागेतून फिरवलं आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बागांमध्ये पाण्याला इतकं समजून घेतलेली बाग आमच्या पाहण्यात दुसरी नाही. हे आधी मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. आणि पु.लं.चं नावही उगाच चिकटवलेलं नाही. ‘पूर्वरंग’मध्ये जपान आहे. जपानकडे थट्टेनं आणि प्रेमानं पाहणारी मराठी नजर ज्यांनी घडवली त्यांत पु.ल. पहिल्या रांगेत आहेत. एका बागेवर ओकायामाचं आणि पु.लं.चं नाव एकत्र येणं, हे सुझोऊच्या एखाद्या पंडितालाही आवडलं असतं.

मग नावं कशाला ठेवायची? तर यासाठी की बागेचा आकार आला, पण बागेची गोष्ट आली नाही. ‘नंतर आनंद’ हे वाक्य पुण्यातल्या किती जणांपर्यंत पोचलं? लोकप्रतिनिधीनं लोकांच्या आधी काळजी आणि लोकांच्या नंतर मजा करावी, हे वाक्य महाराष्ट्रातल्या एखाद्या बागेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागलेलं आम्हांला पाहायला आवडेल. नगरसेवकांच्या नावांच्या संगमरवरी कोनशिलेशेजारी लावलं तरी चालेल. क्रौंचांची कथा? खाचराची? जे आलं ते डोळ्यांना दिसणारं. जे कानांनी यायला हवं होतं ते ओकायामातच राहिलं. आणि पुण्याची बाग तर या प्रकारातली सर्वोत्तम. नाक्यानाक्यावर सिमेंटचे दगड आणि लाल पूल ठेवून जी ‘जपानी थीम’ केली जाते तिच्याबद्दल वेगळं काय बोलायचं?

(मध्येच एक चिठ्ठी आली आहे. वाचून दाखवतो: ‘नागपूरच्या भोसल्यांच्या बागांना असा अर्थ होता का?’ चांगला प्रश्न आहे. तिकडेच येत होतो.)

भोसल्यांनी नागपुरात आणि आसपास बऱ्याच बागा केल्या. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा, पालडी, सोनेगाव ही नावं ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा येतात. ‘बाग’ हा शब्दच फारसी. हौद, कारंजी, पाट यांची रीत उत्तरेकडून मोगलाईतून आलेली. पण ही नावं नीट ऐका. एक बाग महाराजांची म्हणून महाराजबाग. बाकी बहुतेक गावांची नावं. तुळशीबाग तेवढी वेगळी, तिच्यात अंगणातल्या वृंदावनाचा वास आहे. सुझोऊसारखं किंवा एदोसारखं, नाव उच्चारल्याबरोबर एखादा ग्रंथ उघडावा, असं इथे होत नाही. हे आपण कबूल केलेलं बरं. उगाच ‘आमच्याकडेही सगळं होतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

शिवाय इथे साखळी तुटली. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय आलं, १९०६ मध्ये शेजारी शेतकी कॉलेज आलं. शेतकी कॉलेजचं विदर्भावर मोठं ऋण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज नागपूरच्या पोराला महाराजबाग म्हणजे वाघ पाहायची जागा. ‘महाराज’ कोण ते विचारलं तर तो थोडा थांबतो. तेलंगखेडीचा तलाव, ज्याला आपण फुटाळा म्हणतो, तोही भोसल्यांच्या काळचा. तिथे संगीत कारंजं आणि प्रेक्षक गॅलरी उभी राहिली, आणि तलाव नेमका कुणाचा व कशासाठी हा वाद न्यायालयात गेला. कारंजं चांगलं की वाईट यापेक्षा आम्हांला एवढंच नोंदवायचं आहे की त्या सगळ्या वादात तलावाला स्वतःची काही गोष्ट आहे असं क्वचितच कुणी म्हटलं.

पण मग आपल्याकडे जागेला अर्थ देण्याची रीतच नव्हती का? होती. फक्त ती आपण बागेत शोधतो म्हणून सापडत नाही. ती रिद्धपूरला आहे.

महानुभाव पंथाचा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ इथे बसलेल्यांपैकी काहींनी पाहिला असेल. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जिथे बसले, जिथे जेवले, जिथे निजले, त्या जागा कुठे आहेत हे त्यात नोंदवलं आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचं दार कोणीकडे, दारापासून बसण्याची जागा कोणत्या बाजूला. भाषा कोरडी, मोजणीदाराच्या फाळणीसारखी. त्या जागेवर ओटा बांधायचा. ओट्यावर मूर्ती असायलाच पाहिजे असं नाही. तिथे वाकून नमस्कार करायचा, आणि ‘लीळाचरित्रा’तली त्या जागची लीळा आठवायची. झालं. आता मघाची रिकुगिएन आठवा. अठ्ठ्याऐंशी जागा, प्रत्येक जागेला नाव, प्रत्येक नावामागे कविता. रीत तीच. फरक एवढाच, आणि हा फरक फार मोठा आहे, की जपानी सरदारानं लांबच्या जागा आपल्या भिंतीच्या आत आणल्या, आणि महानुभावांनी भिंत घातलीच नाही. अख्खा गोदावरीकाठ आणि वऱ्हाड हीच त्यांची बाग. माळी नको, तिकीट नको. आणि ‘लीळाचरित्र’ मराठीत, लोकांच्या बोलीत. मंदिरात आणि पोथीत ज्यांना जागा नव्हती अशा स्त्रिया त्या लीळांमध्ये प्रश्न विचारतात, वाद घालतात. सुझोऊच्या पाटीला जो दोष आम्ही मघाशी दिला, तो इथे बराच सौम्य होतो. पुढे पंथानं ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि ते शतकानुशतकं बाहेरच्यांना वाचता आले नाहीत, हेही खरं. पण ओटा उघड्यावरच राहिला.

दुसरं उदाहरण तर नागपूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. रामटेक. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो हाच डोंगर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही अभ्यासकांचं मत वेगळं आहे. ते असो. पावसाळ्याच्या सुरुवातीला रामटेकच्या गडावरून ढग पाहणाऱ्या विदर्भातल्या माणसाला कालिदास आठवतो, हे खरं आहे. डोंगर होता तिथेच आहे, त्यावर कवितेचं नाव बसलं आहे. एदोच्या सरदाराला जे करायला टेकाड रचावं लागलं ते आपल्याला आयतं मिळालं. आयतं मिळालं म्हणूनच बहुधा आपण तिथल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांकडे काणाडोळा करतो.

(दुसरी चिठ्ठी: ‘बाग ही श्रीमंतांची चैन आहे. बौद्ध नागपूरला जपानी बागेशी काय घेणं?’)

हा प्रश्न आम्हांला आवडला, कारण यात नागपूरचं आणि जपानचं खरं नातं आलं. ते नातं ‘थीम’मधून आलेलं नाहीच. फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या परंपरेचा विश्वशांती स्तूप आज वर्ध्यात आहे. भदन्त सुरेई ससाई जपानहून आले आणि नागपूरचेच झाले. त्यांची मराठी-हिंदी ऐकलेले लोक या सभागृहात असतील. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी दात्यांच्या मदतीनं उभं राहिलं. तिथली हिरवळ आणि आखीव वाटा पाहिल्या की वास्तूचा तोंडवळा परका वाटतो, पण आतल्या बुद्धासमोर बसलेली माणसं परकी नाहीत. ती कामठीची, इंदोऱ्याची, पाचपावलीची आहेत. म्हणून त्या जागेला आम्ही नक्कल म्हणणार नाही. जपानी बाग तिथे ‘दिसायला’ आलेली नाही. ती एका धम्माच्या नात्यानं आली आहे, आणि त्या नात्याची गोष्ट तिथे येणाऱ्या आजीबाईलाही सांगता येते.

चैनीचं म्हणाल तर दीक्षाभूमीकडे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाग नव्हती, मोकळं मैदान होतं. आज तिथे बोधिवृक्ष आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणल्या, त्यांपासून तो वाढला. अनुराधापुरचं झाड स्वतः बोधगयेच्या झाडाच्या फांदीचं, सम्राट अशोकाच्या मुलीनं नेलेलं, अशी परंपरा. मग बोधगया ते अनुराधापूर ते नागपूर असा तो प्रवास झाला. इथे झाडाच्या आकाराची नक्कल कुणी केली नाही. पिंपळ पिंपळासारखाच वाढला, नागपूरच्या उन्हात, नागपूरच्या काळ्या मातीत. आला तो वंश, आणि वंशाबरोबर नाव. ओकायामाला क्वो मोरुओनं पाठवलेल्या क्रौंचांसारखं. लाल पूल आणि फांदी यांतला फरक कुणी विचारला तर आम्ही हे दोन्ही दाखवू.

आणि या जागेचा अर्थ ज्यांच्याजवळ आहे त्यांनी तो सांभाळलाही. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी आंदोलन करून थांबवलं आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी जे झालं त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं समर्थन करायला आम्ही उभे नाही. अभियंत्यांचे नकाशे होते, दसऱ्याला येणाऱ्या लाखोंच्या गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्नही खोटा नव्हता. पण नकाशात ती जमीन ‘उपलब्ध क्षेत्र’ होती, आणि लोकांसाठी ती तशी नव्हती. फुटाळ्याच्या वेळी जे म्हणणारं फारसं कुणी नव्हतं, ते इथे म्हणणारे हजारो होते. कारण इथे जागेची गोष्ट घराघरात सांगितली गेली होती, आईनं मुलाला, आजोबांनी नातवाला. तिच्यासाठी पाटी वाचता यायची अट नव्हती, आणि आता तर पाटीही वाचता येते.

भोसल्यांच्या बागांसाठी हे करता येईल का, हे आम्हांला आजच्या चर्चेत तुमच्याकडून ऐकायचं आहे. महानगरपालिकेला एक साधी विनंती करण्याचा विचार आहे: शहरातल्या जुन्या बागा आणि तलाव यांची जुनी नावं, ती कुणी केली, कुणाच्या हातांनी झाली, खालसा झाल्यावर त्यांचं काय झालं, हे मराठी आणि हिंदीत साध्या शब्दांत लिहून जागेवर लावावं. मजकूर शाळेतल्या सातवीच्या मुलाला समजेल असा असावा. तेलंगखेडीपासून सुरुवात करू. तिथल्या जुन्या आठवणी ज्यांच्या घरात असतील, आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या का होईना, त्यांनी खाली जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून द्याव्यात. उरलेल्या चिठ्ठ्या आता पुढे पाठवा, वीस मिनिटं आहेत.